व्हॉल्व्हचा आवाज (भाग ६) : भोंग्याचा ट्रान्सफॉर्मर

तेलगावात ट्रान्सफॉर्मर म्हटलं की लोकांना डीपी आठवते. डीपी जळाली, डीपी आली, डीपीला वर्गणी काढली. त्यामुळे मोटारी भरणाऱ्या मिस्तरींच्या दुकानात जाऊन मी ‘ट्रान्सफॉर्मर भरून पाहिजे’ म्हणालो, तेव्हा त्यांनी हातातला पाना खाली ठेवला आणि विचारलं, ‘‘किती केव्हीए?’’

‘‘केव्हीए नाही काका, ऐंशी व्हीए. गिटारच्या अॅम्प्लिफायरचा आहे.’’

‘‘मग खेळणंच की हे,’’ म्हणाले, आणि पुन्हा पाना उचलला.

खेळणं असलं तरी अॅम्पच्या निम्म्या खर्चाचं खेळणं आहे. आपलं सर्किट मागच्या भागात ठरलं: दोन ईएल८४ व्हॉल्व्ह पुश-पुलमध्ये, पुढे दोन ईसीसी८३, बारा-पंधरा वॅटचा आवाज. रेझिस्टर, कपॅसिटर, सॉकेट हे सगळं किरकोळ. पैसा जातो तो दोन जड ठोकळ्यांत. एक पॉवर ट्रान्सफॉर्मर, जो २३० व्होल्टमधून व्हॉल्व्हला लागणारं जास्त (हायटेन्शन) आणि हीटरला लागणारं कमी व्होल्टेज देतो. दुसरा आउटपुट ट्रान्सफॉर्मर, जो व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांची गाठ घालून देतो. ईएल८४च्या जोडीला समोर साधारण ८,००० ओहमचा भार हवा असतो आणि स्पीकर असतो ८ ओहमचा. परदेशातून खास गिटारसाठी बनवलेले ट्रान्सफॉर्मर मागवता येतात, पण लोखंड आणि तांब्याचं वजन विमानाने आणायचं म्हणजे वस्तूपेक्षा भाडं जड.

खास गिटारचाच ट्रान्सफॉर्मर हवा हा हट्ट मला पटत नाही. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शलच्या दुकानाने १९६२ साली पहिले जेटीएम४५ बनवले, तेव्हा त्यांत रेडिओस्पेअर्स या कंपनीच्या कॅटलॉगमधले तयार आउटपुट ट्रान्सफॉर्मर बसवले होते. म्हणजे दुकानात मिळेल ते. आज त्याच अॅम्पच्या आवाजावर लोक पोथ्या लिहितात.

दुसरं असं की गिटारची मागणीच मुळात माफक असते. सगळ्यात जाड तारेचा स्वर ८२ हर्ट्झचा आणि गिटारचा स्पीकर पाचेक हजार हर्ट्झच्या वर फारसं काही बोलत नाही. संगीत ऐकायच्या हाय-फाय अॅम्पला २० ते २०,००० हर्ट्झ लागतात. त्याचा ट्रान्सफॉर्मर मोठा आणि महाग असतो तो खालच्या त्या दोन सप्तकांसाठी. आपल्याला ती नकोतच.

आता भोंग्याकडे या. देवळावर, मशिदीवर, शाळेवर जे भोंगे असतात त्यांच्यापर्यंत लांब वायरीतून आवाज न्यायचा तर तो १०० व्होल्टच्या लाइनवर नेतात आणि प्रत्येक भोंग्याजवळ एक छोटा ट्रान्सफॉर्मर लावतात. त्याला लाइन मॅचिंग ट्रान्सफॉर्मर म्हणतात. साउंड सर्व्हिसवाल्यांच्या गोदामात असे खोकंभर पडलेले असतात आणि नवा घेतला तरी गिटारच्या ट्रान्सफॉर्मरच्या मानाने स्वस्तच. त्याच्या एका बाजूला वॅट लिहिलेले टॅप असतात: २०, १०, ५, २.५. दुसऱ्या बाजूला ४, ८, १६ ओहम.

वॅटचे ओहम करायचे तर १०,०००ला वॅटने भागा. १० वॅटचा टॅप म्हणजे १,००० ओहम, २.५ वॅटचा म्हणजे ४,०००. आता गंमत. ८ ओहमचा स्पीकर ‘४ ओहम’ लिहिलेल्या टोकाला लावला की पलीकडचे सगळे आकडे दुप्पट होतात. २.५ वॅटचा टॅप झाला ८,००० ओहम आणि १० वॅटचा २,०००. ओहम एक चतुर्थांश म्हणजे वेढे निम्मे, म्हणून १० वॅटचा टॅप बरोबर मधोमध येतो. कॉमनला एका ईएल८४चा अॅनोड, २.५ला दुसऱ्याचा, आणि १०च्या टॅपवर हायटेन्शन. पुश-पुल ट्रान्सफॉर्मर तयार. एकाच व्हॉल्व्हच्या सिंगल-एंडेड अॅम्पला मात्र हा चालत नाही. तिथे डीसी एकाच दिशेने वाहते आणि लोखंडी पत्त्यांमध्ये हवेची फट नसल्याने लोखंड चुंबकत्वाने आधीच भरून जातं.

लिहिलेल्यावर विश्वास ठेवू नका, मोजा. जिथे अॅनोड येणार त्या दोन टोकांना छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून १२ व्होल्ट एसी द्या आणि स्पीकरच्या टोकाला मीटर लावा. ०.३८ व्होल्ट दिसले, तर गुणोत्तर साधारण ३१.६. त्याचा वर्ग १,०००, गुणिले ८, म्हणजे ८,००० ओहम. उलट बाजूने, म्हणजे स्पीकरच्या टोकाला व्होल्टेज देऊन मोजायला जाऊ नका. तिकडे ६ व्होल्ट दिले तर इकडे दोनशेच्या आसपास निघतात आणि झटका मीटरला नाही, तुम्हाला बसतो.

भोंग्याचे ट्रान्सफॉर्मर बोलण्यासाठी बनलेले असतात, त्यामुळे खालचे स्वर पातळ येतात. म्हणून अॅम्प १२ वॅटचा असेल तर ट्रान्सफॉर्मर २० किंवा ३० वॅटचा घ्या. आणि हा १०० व्होल्टसाठी बनलेला, आपण त्यावर ३०० व्होल्ट डीसी चढवणार. तेव्हा वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरवर दोन वाइंडिंगमधलं इन्सुलेशन तपासून घ्या आणि स्पीकरचं एक टोक चासीला अर्थ करा. इन्सुलेशन फुटलं तर फ्यूज जाईल, माणूस नाही.

घरच्या माळ्यावर मर्फी किंवा फिलिप्सचा जुना रेडिओ असेल तर त्यावर भिस्त ठेवू नका. वीज पोचण्याआधीच्या खेड्यांत बरेच सेट बॅटरीवरचे होते. त्यांचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर आगपेटीएवढा. एसी-डीसी दोन्हीवर चालणाऱ्या सेटमध्ये तर पॉवर ट्रान्सफॉर्मरच नसतो. मंडपवाल्याकडे व्हॉल्व्हचा जुना पी.ए. अॅम्प्लिफायर सापडला तर मात्र वजनावर घ्या, बोलूसुद्धा नका. त्यात दोन्ही ठोकळे मिळतात.

पॉवर ट्रान्सफॉर्मरसाठी मी मिस्तरींकडेच जातो. तेलगावात साखर कारखाना. ऊस म्हणजे पाणी, पाणी म्हणजे मोटार, आणि कमी व्होल्टेजवर चालवलेली मोटार म्हणजे जळकं वाइंडिंग. त्यामुळे तांब्याची तार, वार्निश आणि वेढे मोजणारं हाताचं यंत्र हे सगळं चौकात आहे. फक्त आउटपुटचा ट्रान्सफॉर्मर त्यांना सांगू नका. त्यात केसासारखी ३८ गेजची तार अडीच हजार वेढे भरावी लागते, आणि मोटारीची जाड तार ओढणाऱ्या हातात ती तुटते. पॉवरची तार त्यांच्या हातातली.

कागदावर हे लिहून द्या. मधल्या दांड्याचं क्षेत्रफळ १० चौरस सेंटिमीटर असलेल्या ई-आय पत्त्या. ४५ला या क्षेत्रफळाने भागा, म्हणजे व्होल्टला साडेचार वेढे. प्रायमरी २६ गेज, ९०० वेढ्यांवर २०० व्होल्टचा टॅप, १,०३५वर २३०चा, १,१२५वर २५०चा. हे तीन टॅप चैन नव्हे. आपल्याकडे संध्याकाळचं आणि मध्यरात्रीचं व्होल्टेज म्हणजे दोन वेगळी गावं. हायटेन्शनला ३० गेजचे १,०४० वेढे, भाराखाली सुमारे २२० व्होल्ट. परदेशी नकाशांत २५०-०-२५० दिसेल, पण चार सिलिकॉन डायोडचा ब्रिज लावला की निम्मं वाइंडिंग वाचतं आणि भाराखाली २९०च्या आसपास डीसी मिळते. हीटरला १८ गेजचे ३० वेढे, पंधराव्यावर मधला टॅप काढून. तो चासीला जोडला की घरघर उतरते.

तार तांब्याचीच हवी हे तोंडाने सांगा. माझा पहिला ट्रान्सफॉर्मर मी दुसरीकडून तयार आणला होता, स्वस्तात. तासाभरात हात ठेववेना. टोकावरचं एनॅमल ब्लेडने खरवडलं तर आत पांढरं! अॅल्युमिनियम. आता पैसे देण्याआधी ब्लेड काढतो.

ट्रान्सफॉर्मर घरी आला की सेकंडरीची सगळी टोकं मोकळी ठेवून प्रायमरी १०० वॅटच्या बल्बच्या सिरीजमध्ये लावा. बल्ब विझलेला राहिला तर ठीक. पेटला तर आत कुठे तरी वेढे शॉर्ट आहेत, परत न्या.

एक गोष्ट मात्र फुकट मिळाली तरी वापरायची नाही: जुन्या स्टॅबिलायझरचा ट्रान्सफॉर्मर. गावात घरोघरी तो पडलेला असतो आणि अंगाने दणकट दिसतो. पण तो ऑटो-ट्रान्सफॉर्मर असतो, म्हणजे एकच वाइंडिंग, आणि लाइनचा फेज थेट तुमच्या चासीपर्यंत पोचू शकतो. गिटारच्या तारा चासीला जोडलेल्या असतात आणि तुमची बोटं तारांवर. याला पर्याय नाही, याला उपाय नाही, हा ट्रान्सफॉर्मर भंगारात द्या.

चासीला भोकं पाडण्याआधी दोन्ही ठोकळे टेबलावर ठेवा. आउटपुटच्या स्पीकर बाजूला हेडफोन लावा, त्याची बाकीची टोकं मोकळी, आणि फक्त पॉवर ट्रान्सफॉर्मरला वीज द्या. त्याची सगळी सेकंडरी टोकं आधी टेप लावून बंद केलेली हवीत. हेडफोनमध्ये घूं ऐकू येईल. आता आउटपुटचा ठोकळा हळूहळू फिरवा. एका कोनात, बहुधा काटकोनाजवळ, घूं जवळजवळ नाहीशी होते. तिथे पेन्सिलने खूण करा.

पुढच्या आठवड्यात त्या खुणेवर चासी कापू. तोवर ट्रान्सफॉर्मर जमवा, मोजा, आकडे वहीत लिहा. व्हॉल्व्ह अजून खोक्यातच राहू द्या.