'व्हेरी गुड' रेकॉर्ड आणि आपले पैसे

अर्थविषयक सदरात ग्रामोफोन रेकॉर्डचे काय काम, असे काही सभासदांना वाटेल. पण डब्लिनमधल्या माझ्या ओळखीच्या चार-पाच मराठी घरांत तरी टर्नटेबल पुन्हा आले आहे. गीतरामायण किंवा कुमार गंधर्वांची एखादी एल.पी. इंटरनेटवरून मागवली की पोस्टखर्चासह पन्नास-साठ युरो सहज जातात. पार्सल आले, सुई टेकवली आणि गाण्याऐवजी भजी तळल्याचा आवाज आला, तर पैसे परत कसे मागायचे, हे आधीच माहीत असलेले बरे.

तंट्याचे मूळ बहुतेक वेळा शब्दांत असते. जुन्या रेकॉर्डच्या व्यवहारात 'गोल्डमाइन' या अमेरिकन मासिकाची प्रतवारी चालते. 'डिस्कॉग्ज'सारख्या मोठ्या बाजारपेठेनेही तीच स्वीकारली आहे. तिच्यात सर्वांत वर 'मिंट', मग 'निअर मिंट', 'व्हेरी गुड प्लस', 'व्हेरी गुड' आणि त्याखाली 'गुड'. आपण 'गुड' म्हणजे चांगली समजतो. प्रत्यक्षात 'गुड' म्हणजे सुई न अडकता शेवटपर्यंत जाईल, पण खरखर आणि ओरखडे भरपूर. 'व्हेरी गुड'मध्येसुद्धा हळुवार जागी खरखर ऐकू येणारच, आणि तिच्याबद्दल तक्रार चालत नाही. याच पद्धतीत 'व्हेरी गुड प्लस'ची किंमत 'निअर मिंट'च्या साधारण निम्मी आणि 'व्हेरी गुड'ची पाव धरतात. म्हणजे ४० युरोची वस्तू एक पायरी खाली सरकली की २० युरोची होते. भांडण त्या वीस युरोंचे असते.

दुसरे कारण तांत्रिक आहे. बरेच विक्रेते रेकॉर्ड दिव्याखाली धरून नुसती पाहतात, वाजवत नाहीत. ओरखडा डोळ्यांना दिसतो. पण पूर्वीच्या जड सुईने घासलेली खाच दिसत नाही, ती फक्त ऐकू येते. गेल्या वर्षी मी युरोपातल्याच एका दुकानदाराकडून नाट्यगीतांची एल.पी. 'व्हेरी गुड प्लस' म्हणून घेतली. दिसायला आरशासारखी, पण तार सप्तकातली प्रत्येक तान फाटलेली. दुकानदाराचे म्हणणे, "आम्ही प्रत पाहून ठरवतो." मी म्हटले, पाहून ठरवा, पण विकताना तसे लिहा. त्याच्या जाहिरातीत तसे लिहिलेले नव्हते आणि मुद्दा तेवढाच होता. त्याने पैसे परत दिले.

तक्रार करण्यापूर्वी दोष कोणाचा हे तपासावे. एल.पी. मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. 'टक' आवाज बरोबर तितक्या अंतराने येत असेल तर तो ओरखडा. अनियमित तडतड असेल तर बहुधा धूळ; ती धुऊन जाऊ शकते. मोठ्या आवाजाच्या जागी, विशेषतः आतल्या गाण्यांत, स्वर फाटत असेल तर घासलेली खाच किंवा तुमचीच सुई! म्हणून आपल्याकडची एक चांगली रेकॉर्ड त्याच यंत्रावर लावून पाहावी. ७८च्या जुन्या तबकड्यांना जाड सुई लागते, एल.पी.च्या सुईवर त्या वाजवून विक्रेत्याला दोष देणे अन्यायाचे आहे.

पुरावा धुण्याआधी गोळा करावा. तिरप्या प्रकाशातले फोटो, दोषाच्या जागेचे ध्वनिमुद्रण, आणि विक्रीच्या वर्णनाची प्रत. हे वर्णन नंतर बदलू शकते, म्हणून ते खरेदीच्या दिवशीच जपून ठेवावे.

आता कायदा. विक्रेता व्यापारी असेल तर आयर्लंडचा २०२२चा ग्राहक हक्क कायदा तुमच्या बाजूचा आहे. माल वर्णनाप्रमाणे नसेल तर ३० दिवसांत व्यवहार रद्द करता येतो आणि परतीचा खर्चही व्यापाऱ्याचा. शिवाय युरोपीय संघातल्या व्यापाऱ्याकडून दूरस्थ खरेदी केल्यास, काही कारण न देता १४ दिवसांत माघार घेता येते. मात्र यात एक खोच आहे. सीलबंद रेकॉर्डचे सील तुम्ही फोडलेत की हा माघारीचा हक्क जातो. सदोष मालाबद्दलचा हक्क मात्र शाबूत राहतो. देशातला व्यापारी ऐकतच नसेल तर जिल्हा न्यायालयाची स्मॉल क्लेम्स पद्धत आहे. २,००० युरोपर्यंतच्या दाव्याला २५ युरो फी, आणि वकील लागत नाही.

खासगी माणसाने घरातली रेकॉर्ड विकली असेल तर हे हक्क लागू नाहीत. १८९३च्या जुन्या कायद्याप्रमाणे माल वर्णनाशी जुळला पाहिजे, एवढाच आधार उरतो, आणि स्मॉल क्लेम्सही नाही. अशा वेळी पैसे कसे भरले हे महत्त्वाचे ठरते. पेपालमध्ये १८० दिवसांत तक्रार नोंदवता येते. पण विक्रेत्याच्या आग्रहावरून 'फ्रेंड्स अँड फॅमिली' प्रकाराने पैसे पाठवलेत तर ते संरक्षण नाही. चार युरो वाचवायला हा मार्ग कोणी सुचवला की मी तरी खरेदीच सोडतो.

भारतातून मागवणाऱ्यांसाठी थोडे वेगळे. जुलै २०२१ पासून युरोपीय संघाबाहेरच्या अगदी स्वस्त पार्सलवरही व्हॅट लागतो, आयर्लंडमध्ये २३ टक्के, आणि तोही पोस्टखर्च धरून. ४० युरोची एल.पी. व १५ युरो पोस्टखर्च यांवर १२ युरो ६५ सेंट. पुढे विक्रेत्याने किंमत परत केली तरी पोस्टाकडे भरलेला हा कर आपोआप परत येत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात राहिलेल्या रेकॉर्डवर बुरशी असते, तेव्हा कव्हरच्या आतला फोटो आधी मागवावा. बालगंधर्वांच्या ७८च्या तबकड्या लाखेच्या असतात. त्या काचेसारख्या फुटतात आणि अल्कोहोलने पुसल्या तर विरघळतात. त्या दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये घट्ट बांधून, वेगळ्या खोक्यात पाठवायला विक्रेत्याला लेखी सांगावे आणि त्याचे उत्तर येईपर्यंत पैसे भरू नयेत.