मॅमोग्राफी नॉर्मल, तरी स्तनाचा कर्करोग?

"छातीत गाठ नाही, मॅमोग्राफी नॉर्मल. मग काखेतल्या गाठीवरून स्तनाचा कर्करोग कसा ठरवता?" प्रश्न रास्त आहे. मूळ गाठ कधी इतकी बारीक असते की हाताला लागत नाही, फिल्मवरही दिसत नाही. तिच्या पेशी मात्र काखेतल्या लसिकाग्रंथीत जाऊन वाढतात. अमेरिकी सर्जन हॉलस्टेड यांनी १९०७ मध्येच असे रुग्ण नोंदवले होते. स्तनाच्या कर्करोगात यांचं प्रमाण शंभरात एकाहून कमी.

काखेतली प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. साध्या फोडानेही ग्रंथी सुजते. पण मुंबईत उलटा गैरसमज जास्त नडतो: "गाठ आहे ना, टीबीच असणार." टीबी इथे घरोघरी ऐकू येतो, म्हणून डॉक्टरलाही तोच आधी आठवतो. गाठीचा तुकडा न तपासता टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स सुरू झाला, तर तेवढे महिने कर्करोगाला मोकळं रान. आणि "सुई लावली की पसरतो" या भीतीला आधार नाही. जागा बधिर करून जाड सुईने दोऱ्याएवढा तुकडा काढतात. पॅथॉलॉजिस्ट त्यावर ईआर, पीआर, हर-टू या चाचण्या करतात. त्यांतून मूळ स्तनात असल्याचा माग लागतो आणि कोणती औषधं लागू पडतील तेही कळतं. मग स्तनाचा एमआरआय. मॅमोग्राफी-सोनोग्राफीला न दिसलेलं मूळ त्यात साधारण तिघींपैकी दोघींत सापडतं.

"ग्रंथीत गेला म्हणजे चौथी स्टेज" हेही खोटं. रोग त्याच बाजूच्या काखेपुरता असेल तर स्टेज दुसरी किंवा तिसरी, आणि उपचार बरं करण्यासाठीच असतात. त्याच स्टेजला स्तनात गाठ दिसणाऱ्या रुग्णांइतकंच, काही अभ्यासांत त्यांच्याहून चांगलं, आयुष्य यांना मिळालेलं आहे. किती ग्रंथींत रोग आहे, यावर पुढचं बरंच ठरतं.

स्तन काढावाच लागतो असं नाही. काखेतल्या ग्रंथी काढून स्तनाला रेडिएशन देता येतं. जोडीला केमो, गरजेप्रमाणे हार्मोनविरोधी गोळ्या. मात्र "स्तनात काही सापडलं नाही, मग तिथे उपचार कशाला" हा हट्ट नको.

काखेत न दुखणारी, टणक गाठ दोन-तीन आठवडे टिकली तर अंधेरीकरांना कूपर, घाटकोपरकरांना राजावाडी रुग्णालय जवळ आहे. सर्जरीच्या ओपीडीत जा आणि टीबीच्या गोळ्या हातात पडण्याआधी विचारा, "तुकडा तपासायचा का?"