कात्री, खळ आणि कागदी मासा
लेखांक ६

फ्रेंच म्हटलं की आपल्याकडे अकरावीचा वर्ग आठवतो. मार्क भरपूर, आणि निकाल लागला की भाषा पुस्तकासकट रद्दीत. मग पाटससारख्या गावात पाच वर्षांच्या पोराला ती शिकवायची कशी? तक्ता टांगून नाही, एवढं नक्की. रंग, फळं, प्राण्यांच्या याद्या मूल पाठ करतं आणि तितक्याच बिनबोभाट विसरतं.

माझ्या मते सुरुवात तीन आज्ञांनी करावी. ‘कूप’ म्हणजे काप, ‘प्ली’ म्हणजे दुमड, ‘कोल’ म्हणजे चिकटव. कागदकामात या क्रिया अर्ध्या तासात कितीतरी वेळा येतात. बाईंनी शब्द उच्चारायचा आणि त्याच वेळी हाताने करून दाखवायचं. मराठीत अर्थ सांगायची वेळच येत नाही. जेम्स अॅशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात हीच पद्धत मांडली. आधी ऐकून अंग हलू द्या, बोलणं मागून येतं.

करायचं काय, तर मासा. फ्रान्समध्ये १ एप्रिलला मुलं कागदाचा मासा कापतात, रंगवतात आणि कुणाच्या तरी पाठीवर गुपचूप चिकटवतात. फजिती लक्षात आली की ओरडायचं, ‘प्वासों दाव्रिल!’, एप्रिलचा मासा! भिगवणची मासळी ज्यांच्या घरी येते त्यांना मासा समजावून सांगायला नको. रंग तिथेच येतात: लाल ‘रूज’, पिवळा ‘झोन’, हिरवा ‘वेर’. माशाशेजारी पाण्यातलं पान चिकटवलं, की हिरव्याचा ‘वेर्त’ होतो, कारण फ्रेंचमध्ये मासा पुल्लिंगी आणि पान स्त्रीलिंगी. इंग्रजीत वाढलेल्या मुलाला हे जाचतं. हिरवा, हिरवी, हिरवं असं दिवसभर बोलणाऱ्याला त्यात नवल कसलं? फक्त नाम सुटं शिकवू नये. ‘ल प्वासों’, ‘ला फेय’ असं जोडीनेच द्यावं.

उच्चारांतही आपली पोरं पुढेच आहेत. ‘त’ आणि ‘द’ म्हणताना त्यांची जीभ दातांना टेकते, फ्रेंच मुलांचीही तशीच. ‘ताब्ल’चं ‘टाब्ल’ करतो आपण मोठे, इंग्रजीच्या वळणाने. अवघड आहे ते ‘ल्यून’, म्हणजे चंद्र. ओठ ‘ऊ’चे ठेवून ‘ई’ म्हणायचं. मुलांना हा चाळाच वाटतो. बाईंची खात्री नसेल तर मोबाइलवर फ्रेंच माणसाच्या तोंडून शब्द ऐकवावा.

साहित्याला पैसे कुठून आणायचे, ही सबब तर केव्हाच निकालात निघाली. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या, आणि पुढे ते काम कोसबाडच्या आदिवासी मुलांपर्यंत गेलं. माँटेसोरी पद्धतीचं महागडं साहित्य परवडेना, तेव्हा त्यांनी शिंपले, बिया, खडे, पानं हाती घेतली. गंमत अशी की माँटेसोरीबाईंनी ज्याच्याकडून पुष्कळ घेतलं तो एदुआर सेगँ हा डॉक्टर जन्माने फ्रेंच!

पाटसला सोलापूर रस्त्यावरच्या रसवंतीतली वाळवलेली चिपाडं, ज्वारीच्या ताटांतलं भेंड, पोळ्याच्या बैलांची माती आणि घरी शिजवलेली कणकेची खळ एवढं पुरे. भेंडाची गाडी इथल्या आजोबांनीही केलेली असते. तिचं चाक ‘ला रू’. आजोबांनाच वर्गात बोलवावं. गाडी त्यांनी करावी, शब्द नातवाने सांगावा.

आठवड्याला पाचसहा शब्द बस्स. पालक विचारतील, “काय बोलला?” पहिले काही आठवडे बहुधा काहीच नाही. ‘प्ली’ म्हटल्यावर कागद दुमडला गेला की शिकवणारीने समाधान मानावं, आणि परीक्षा तर मुळीच घेऊ नये.

पुढच्या लेखांकात आकडे. जुनी माणसं ऐंशीला ‘चार विसा’ म्हणायची. फ्रेंच लोक अजूनही तसंच म्हणतात, तिथून सुरुवात करू.