पिंजऱ्यातील व्याघ्राची गतिचित्रे

वाघाचे छायाचित्र घेणाऱ्यास पिंजऱ्याचे गज विघ्नरूप वाटतात. केवळ सुंदर चित्र हवे असेल त्याने ते खुशाल छाटावेत. वाघ गजांपासून दूर असता भिंगाचे छिद्र मोठे ठेवल्यास ते पुसटही होतात. गतीच्या अभ्यासकाने मात्र असे केल्यास तो आपला मानदंडच गमावील, कारण पाऊल किती पुढे पडले हे स्थिर गजावरूनच कळते. प्रत्येक चित्रात वाघ मध्यभागी आणला की तो जागच्या जागीच चालू लागतो!

एडवर्ड मायब्रिज याने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या आश्रयाने फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातील वाघ-सिंहांची क्रमचित्रे घेतली. ती १८८७ साली ७८१ चित्रफलकांच्या संग्रहात प्रसिद्ध झाली. स्मिथसोनियनमधील मूळ निळ्या मुद्रितांशी हा संग्रह ताडून पाहता काही फलकांत काटछाट व क्रमबदल आढळला. चित्रकारांस त्याने बाध येत नाही. त्यावरून चालीचा वेग काढणाऱ्याचे गणित मात्र चुकते. यास्तव मालिकेतील सर्व चित्रांची छाट एकसारखी असावी, आणि बिघडलेल्या चित्राची जागा शेजारच्या चित्राने न भरता रिकामीच ठेवावी.