सातबाऱ्यावर बाईचं नाव आहे का? गेल ऑम्वेट यांच्या अभ्यासाचा गावाशी काय संबंध, समजून घ्या

अमेरिकेत १९४१ साली जन्मलेली मुलगी सांगली जिल्ह्यातल्या कासेगावची (ता. वाळवा) सून झाली आणि शेवटपर्यंत तिथंच राहिली. त्या म्हणजे डॉ. गेल ऑम्वेट. २५ ऑगस्ट २०२१ रोजी कासेगावातच त्यांचं निधन झालं. पण त्यांनी नेमकं काम काय केलं, हे बऱ्याच जणांना माहीत नाही.

अभ्यास कशाचा?
महात्मा फुले आणि सत्यशोधक चळवळीवर अभ्यास करून त्यांनी १९७३ मध्ये बर्कले विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. हा प्रबंध मराठीत 'वासाहतिक समाजातील सांस्कृतिक बंड' या नावाने आला. पुढे डॉ. भारत पाटणकर यांच्याशी लग्न झालं. १९८३ मध्ये त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं.

१९८० साली महाराष्ट्रातल्या बायकांच्या लढ्यावर त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं. त्यासाठी त्या शेतमजूर बायकांमध्ये जाऊन बसल्या, त्यांचं म्हणणं ऐकून लिहिलं.

चळवळ कशाची?
नवऱ्याने टाकलेल्या बाईला ना सासरी जागा, ना माहेरी हक्क. सासूबाई इंदुताई पाटणकर या प्रतिसरकारच्या लढ्यातल्या कार्यकर्त्या. त्यांच्यासोबत गेलताईंनी स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीतून परित्यक्ता बायकांचा प्रश्न लावून धरला. त्यांचं म्हणणं साधं होतं : बाई राबते, पण घर आणि जमीन तिच्या नावावर नसते, म्हणून तिला कधीही बाहेर काढता येतं. नुसती सहानुभूती दाखवून हे बदलत नाही, नावावर काहीतरी लागतं.

शेतकरी संघटनेच्या 'लक्ष्मी मुक्ती' मोहिमेत हाच मुद्दा होता. पुढे १९९२ मध्ये शासनाने परिपत्रक काढलं. नवऱ्याने स्वतःहून अर्ज केला तर सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं.

आपण काय करायचं?
अडचण 'स्वतःहून' या शब्दात आहे. नवरा तयार नसेल तर या योजनेत बाईच्या हातात काही राहत नाही. म्हणून घरात सगळं सुरळीत असतानाच हा विषय काढलेला बरा. महाभूलेखवर सातबारा मोबाईलवर फुकट बघता येतो. आजच उघडा आणि बघा, रानात रोज राबणाऱ्या बाईचं नाव त्यावर आहे का? नसेल तर तलाठ्याकडे अर्जाची चौकशी करा.