उंबरठ्याच्या आतली बाई

'उंबरठा' १९८२ साली आला. मी तो पाहिला बऱ्याच वर्षांनी, कॉलेजात असताना, दूरदर्शनवर. पुढचा आठवडाभर आम्ही मैत्रिणी सुलभा महाजन होऊनच फिरत होतो! दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेलांचं, पटकथा विजय तेंडुलकरांची, मूळ कादंबरी शांता निसळ यांची 'बेघर'. पण आम्हाला दिसायची ती फक्त स्मिता पाटील. वकील नवरा, सासू आणि लहानग्या राणीला मागे ठेवून संगमवाडीच्या महिलाश्रमात अधीक्षिका म्हणून जाणारी.

गेल्या जुलैत आमच्या उत्तनच्या महिला मंडळात तोच सिनेमा पुन्हा लावला. जून-जुलैत मासेमारी बंद, त्यामुळे कोळणींनाही जरा उसंत असते. अर्धा तास झाला असेल, एक मावशी मला म्हणाल्या, "बाय, ती कामाला गेली तर एवढं काय झालं?"

मी काय उत्तर देणार? इथे नवरे चार-चार दिवस समुद्रात, आणि बायका पहाटे मासळीची पाटी घेऊन बाजारात. बाईनं घराबाहेर पडणं ही आमच्या गावात बातमीच नाही. पोर कोणापाशी ठेवायचं, हा प्रश्न मात्र रोजचा. कधी आजी, कधी जाऊ, कधी शेजारीण.

आणि मग मला पडद्यावरची दुसरी बाई दिसली. सुलभाची जाऊ. आशालता वाबगावकरांनी केलेलं काम. तिला स्वतःचं मूल नाही, राणीला तीच सांभाळते. कॉलेजात असताना हे पात्र माझ्या लक्षातही राहिलं नव्हतं.

माझ्या शेजारी माझ्या मोठ्या जाऊबाई बसल्या होत्या. मंडळाच्या कामासाठी मी दिवसदिवस बाहेर असते, तेव्हा माझ्या दोन्ही मुलांचे डबे, अभ्यास, ताप-खोकला त्यांनीच पाहिलाय. त्या हळूच म्हणाल्या, "हिला काय हवं होतं, ते कोणी विचारलंच नाही गं." एवढंच. पुढे पुन्हा सिनेमा बघायला लागल्या. सध्या बुधवारी दुपारी त्या भाईंदरला शिवणाच्या वर्गाला जातात आणि मंडळाची बैठक आम्ही गुरुवारी घेतो.

बाकी सिनेमा अजून टोचतो, हे कबूल करायलाच हवं. सासू स्वतः समाजकार्य करणारी, तरी सुनेनं घर सोडून काम केलेलं तिला खपत नाही. (असे नमुने आपण सगळ्यांनीच पाहिलेत.) आश्रमातल्या मुली बड्या लोकांकडे पाठवल्या जातात, हे त्या काळात इतकं उघड दाखवणं सोपं नव्हतं. आश्रमातल्या दोन बायकांचं एकमेकींवर प्रेम असतं, तेही त्यात आहे. तिथे आमच्या खोलीत एकदम शांतता. मग कोणीतरी म्हणालं, "त्यांनी कोणाचं काय वाईट केलं?" आणि बायकांनी माना डोलावल्या. पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही तो भाग आला की खाली बघत होतो.

शेवटावर मात्र भांडण जुंपलं. सुलभा परत येते, तर नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई. ती पुन्हा निघते, गाडीत बसते. तरुण मुली म्हणाल्या, बरोबर केलं. म्हाताऱ्या म्हणाल्या, "आणि पोरगी?"

माझ्या जाऊबाई चपला शोधत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "ती काकूपाशी आहे की."