बैलाची आई

अकोला-अमरावतीकडच्या बैलबाजारात जोडी पाहायला आलेला शेतकरी आधी दात पाहतो. मग खांदा, वशिंड, खूर, शेपटीचा गोंडा, अंगावरचे भोवरे. चार पावले चालवून पाहतो आणि मगच भावाचे बोलतो. दोन दाती, चार दाती, जुळलेला हे त्याचे वयाचे माप, आणि ते सहसा चुकत नाही. हा गोऱ्हा कोणत्या गाईचा, कोणत्या वळूचा, हे मात्र तो क्वचितच विचारतो आणि विचारले तरी व्यापाऱ्याला ते सांगता येत नाही. वऱ्हाडात बैल पारखणारी नजर घरोघरी आहे, पण त्या बैलाच्या तीन पिढ्या कुठे लिहिलेल्या नाहीत. इथला ओढकामाचा बैल ट्रॅक्टरने संपवला असे आपण सहज म्हणतो. मला ते अर्धेच खरे वाटते. ट्रॅक्टर गावात शिरण्याच्या फार आधीपासून चांगल्या बैलाचे रक्त हातातून निसटत होते, आणि त्याचे कारण नोंद नसणे हे होते.

हा बैल काही साधासुधा नव्हता. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती पावसात पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यात वखर ओढायला अंगात जोर लागतो. जुन्या गॅझेटिअरांत वऱ्हाडी बैलाचे खामगावी आणि उमरडा असे दोन प्रकार सांगितले आहेत, पहिला थोराड, दुसरा लहान चणीचा. पूर्वेला वर्धा नदीच्या बाजूला गवळाऊ भेटतो: पांढरा, लांबट तोंडाचा, आखूड शिंगांचा, चालीला तेज. डोंगराळ वाटांवर फौजेचे सामान झपाट्याने नेता यावे म्हणून मराठ्यांच्या काळात ही जात घडत गेली, असे पशुतज्ज्ञांनी लिहून ठेवले आहे. 1870 मध्ये खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला. त्यानंतर पाठीवर गोण्या वाहणारे लमाणांचे तांडे ओसरले, पण शेतातून जिनापर्यंत कापूस बंडीतच भरून जायचा. उलट कापसाचा पेरा वाढला तशी बैलाची गरज वाढली.

मग इतकी गरज असलेल्या जनावराची वंशावळ का राहिली नाही? याचे उत्तर इंग्लंडच्या अवजड घोड्यांशी ताडून पाहिले की लख्ख दिसते. अठराव्या शतकात रॉबर्ट बेकवेलने मेंढ्या-गाईंबरोबर गाडी ओढणारे काळे घोडेही निवडून वाढवले. त्याच घोड्यांच्या वंशातल्या शायर जातीसाठी 1878 मध्ये तिथल्या पैदासकारांनी संस्था काढली आणि वंशनोंदीची पुस्तके छापायला घेतली. पुस्तकाचे श्रेय आहेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिथे घोडीही नांगराला जुंपली जाई. तिची ताकद मालक रोज पाही आणि पुढचे शिंगरूही तिलाच होई. आपल्याकडे गाय जुवाखाली जात नाही, वळूही सहसा जात नाही. जो जातो त्याला आधी बडवलेले, म्हणजे खच्ची केलेले असते. काम करणारे जनावर एक आणि वंश चालवणारे दुसरे. पोळ्याला गावाने वाखाणलेली जोडी आपला गुण मागे ठेवू शकत नाही. तो गुण जिवंत आहे तो तिच्या आईत, बापात आणि बडवण्याआधी राहिलेल्या भावात. आणि ती आई कोण, हे कुणी लिहिलेलेच नाही.

वळूची गोष्ट तर याहून वाईट. देवाच्या नावाने सोडलेला किंवा कळपात आपसूक वाढलेला पोळ गावभर फिरणार आणि जी गाय माजावर येईल तिला लागणार. तो जाणत्याने निवडलेला असेलच असे नाही. 1928 च्या शाही शेती आयोगाच्या अहवालातही निकृष्ट वळूंची ही तक्रार आहे. शिवाय एकच वळू गावात पाच-सहा वर्षे राहिला की त्याच्याच कालवडी त्याच्यापुढे येतात. बाप-लेकीच्या अशा संकरातून जन्मणाऱ्या वासराचा अंतःप्रजनन गुणांक 25 टक्के निघतो. वाढ खुंटणे, गाय वेळेवर न फळणे, वासरे दगावणे असे त्याचे परिणाम होतात. नोंद नसेल तर हे घडते आहे एवढेही कळत नाही. ‘चारा कमी पडला’ म्हणून विषय संपतो.

यावर कुणी म्हणेल, नोंदवही नसतानाही आजोबांच्या काळात थोराड बैल होतेच ना? होते. कारण तेव्हा नोंद गवळ्याच्या डोक्यात होती. नंदगवळ्यांसारख्या समाजांचे कळप पिढ्यानपिढ्या एकाच घरात राहत, गाई नावाने ओळखल्या जात आणि कोणता गोऱ्हा वळू म्हणून राखायचा हे म्हातारा माणूस ठरवी. ही स्मरणातली वही कळपासोबतच चालते. मेळघाटात 1974 साली व्याघ्रप्रकल्प आला आणि जंगलातल्या चराईवर बंधने आली. गावोगावच्या ई-क्लास, म्हणजे सरकारी चराईच्या जमिनींवर अतिक्रमणे झाली. चरायला जागा नाही म्हणून कळप मोडले, आणि कळप मोडला की ते ज्ञानही गेले. कागदाची गरज तेव्हाच सर्वांत जास्त होती आणि तेव्हाच कुणी कागद पुढे केला नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: आता बैल हवाच कशाला? नांगरणी ट्रॅक्टरकडे गेली, ती परत येणार नाही आणि येऊही नये. दोन महिन्यांच्या कामासाठी बारा महिने जोडी पोसणे अल्पभूधारकाला जड जाते. 2015 च्या कायद्याने बैलाच्या कत्तलीवरही बंदी आल्यापासून थकलेल्या बैलाची किंमतही उरलेली नाही, हा मुद्दा जोडीचा हिशेब मांडताना टाळता येत नाही. तरीही कपाशी-सोयाबीनच्या उभ्या पिकात डवरणी करायची असते. पाऊस उघडल्यावर वाफसा येतो तेव्हा या चिकण जमिनीत ट्रॅक्टरचे चाक रुतते आणि वजनाने माती दाबली जाते. डवऱ्याचा बैल तासातून नीट निघतो. खारपाणपट्ट्यात तर भूजल खारे, ओलीत अवघड. जे पिकेल ते पावसाच्या ओलीवर आणि वेळेवर केलेल्या मशागतीवर. म्हणजे बैलाची गरज संपलेली नाही, बदललेली आहे. आज आजोबांच्या थोराड नांगऱ्यापेक्षा मध्यम अंगाचा, कमी चाऱ्यावर टिकणारा, शांत बैल हवा. गरज बदलली की निवड बदलावी लागते, आणि वंशावळीशिवाय निवड म्हणजे अंधारात दगड. इथे सरकारी धोरण उलट्या दिशेला गेले. जर्सी आणि होल्स्टीनचा संकर दुधासाठी आला. त्याचे नर वशिंडाला कमी आणि उन्हाला कच्चे. आता लिंगनिर्धारित रेतनमात्रेने 90 टक्क्यांच्या आसपास कालवडीच जन्माव्यात अशी सोय आहे. दूधवाल्यासाठी ती उत्तमच, पण तिच्या हिशेबात गोऱ्हा हा निव्वळ तोटा आहे.

शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती जात वाचवतील, असेही एक मत आहे. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, डिसेंबर 2021 मध्ये महाराष्ट्राला परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला. तळेगाव दशासरसारख्या पटांची रंगत मोठी, चांगल्या जोडीला भाव येतो, हौसेने माणूस जनावर जपतो, हे सगळे मान्य. पण पटावर कसोटी लागते ती काही सेकंदांच्या वेगाची. डवऱ्याला लागतो तो दिवसभराचा संथपणा. वेगासाठी निवडत गेलो तर वेगच मिळेल.

करायला काय हवे, ते फार खर्चाचे नाही. गाई-बैलांच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा बिल्ला आलाच आहे. मात्र तो जनावराची ओळख सांगतो, आई-बाप आपोआप सांगत नाही. गावातल्या नैसर्गिक फळवणुकीची नोंद त्यात पडावी लागते. अकोल्यात 1969 पासून पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्थाही आहे. वीस-पंचवीस गावांची अशी वही सांभाळायला याहून जास्त काही लागत नाही. गोऱ्हा बडवायला चिमटा आणला की त्याच वेळी त्याच्या आईचा, बापाचा क्रमांक लिहून घ्यायचा. पुढे दोन-तीन हंगाम बैल जुवाखाली कसा चालला, हे मालकाला विचारून त्या गाईच्या पानावर मांडायचे. ज्या गाईचे दोन-तीन बैल कसोटीला उतरले, तिचा पुढचा गोऱ्हा बडवायचा नाही, वळू म्हणून राखायचा. आणि तीन वर्षे झाली की दर्यापूरकडचा वळू मूर्तिजापूरकडे, तिकडचा इकडे.